उशाची भिंत

आमचा जीवन लहानपणी कशालाच भीत नसे. हे आधीच सांगून ठेवते, कारण आज त्याला ओळखणारी माणसं तुम्हाला वेगळंच सांगतील. पावसाळ्यात वालदेवी नदी दुथडी भरून चालली की देवळाली गावाच्या पुलाजवळ पहिला सूर मारणारा तो, आणि घरी आल्यावर त्याला बडवणारी मी. मी त्याची थोरली बहीण. आई मारायची नाही, वडील नुसते बोलायचे, त्यामुळे हाताचं काम माझ्याकडे होतं. पुढे जन्मभर शाळेत शिकवलं. तिथेही मुलं मला टरकून असत म्हणतात. असतील.

आमचे वडील, पुंजा पगारे, सिन्नरकडच्या खेड्यातून नाशिकरोडला आले आणि नोटा छापायच्या प्रेसमध्ये कामाला लागले. येताना गंडेदोरे, भगत, उतारे सगळं गावच्या वेशीवरच टाकून आलो, असं ते अभिमानाने सांगत. घरात कुणी ऐकीव काही बोललं की त्यांचा एकच प्रश्न असे, "पुरावा काय?" जीवनने तो प्रश्न इतका मनावर घेतला की बी.एस्सी. करून कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक झाला. मुलांना मीटर जोडून द्यायचे, रीडिंग बरोबर आलं का ते बघायचं, हे त्याचं काम. "काटा खोटं बोलत नाही, ताई," असं तो मला नेहमी ऐकवायचा. मी म्हणायचे, काट्याला बायको नसते म्हणून.

पहिली नोकरी मनमाडला लागली. तिथे एका इमारतीत तळमजल्याच्या खोल्या भाड्याने घेतल्या. लग्न झालं, सायली घरात आली, अमित झाला. अमितचा छोटा पलंग ज्या भिंतीला लावला होता तिच्या पलीकडे जिना होता, आणि जिन्याखाली अख्ख्या इमारतीचे विजेचे मीटर. तेव्हा ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अमित शाळेत जायला लागला आणि आजारी पडला. रक्ताचा कॅन्सर. आधी नाशिक, मग मुंबई. मी रजा काढून बरोबर होते, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. जीवन डॉक्टरबाईंना एकच विचारायचा, "कशाने झालं?" बाई भली होती. दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायची, "सांगता येत नाही हो. लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा कारण सापडतच नाही." पुराव्यावर वाढलेल्या माणसाला हे उत्तर कसं पचावं? अमित गेला, तेव्हाही त्या उत्तरात काही भर पडली नाही.

मग जीवनला कारण सापडलं. मोबाईलवर वाचता वाचता त्याला कुठेतरी दिसलं की विजेच्या तारांभोवती, मीटरभोवती एक क्षेत्र असतं. ते दिसत नाही, भिंतीतून आरपार जातं. लहान मुलं त्याच्याजवळ झोपत असतील तर त्यांच्या रक्तावर परिणाम होतो की काय, अशी काही शास्त्रज्ञांना शंका आहे. तो ते घेऊन मुंबईला डॉक्टरबाईंकडे गेला. "शंका आहे, पुरावा नाही," असं त्यांनी समजावून सांगितलं. त्याने वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा घरी आणला.

"पोराच्या डोक्यापासून हातभर अंतरावर सगळ्या बिल्डिंगची वीज वाहत होती, ताई," तो मला म्हणाला. "आणि तो पलंग तिथे मीच लावला."

मला त्याचा भयंकर राग आला. स्वतःच्या गळ्यासाठी तो कधीपासून दोर शोधत होता आणि आता तो त्याला मिळाला होता. 

नंतर रोशनी झाली. तोवर वडील गेले होते. जीवनने खटपट करून नाशिकच्या कॉलेजात नोकरी मिळवली आणि जेल रोडच्या आमच्या जुन्या घरात आईजवळ राहायला आला. मी शेजारच्याच गल्लीत राहते. यजमान गेल्यापासून माझा अर्धा दिवस तिकडेच जातो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

त्या घरात भीती कशी राहत होती ते सांगते. रोशनीच्या खोलीत मोबाईल न्यायचा नाही. फ्रिज ओट्याजवळून उचलून पुढच्या पडवीत नेला, तर दूध आणायला आईला अर्धं घर ओलांडावं लागे. शेजाऱ्यांची कपडे धुवायची मशीन आमच्या भिंतीला लागून होती. ती हलवावी म्हणून हा त्यांच्याशी इतका भांडला की दारावरून जाताना ते मान वळवायचे. माझ्याकडे आला की चहा राहायचा बाजूला, हा आधी माझ्या उशाकडे बघणार आणि चार्जर काढून टाकणार. मी म्हणायचे, "बाबांनी घरातले गंडेदोरे काढले, तू प्लग काढ." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही. आई मला दटावायची, "त्याला बोलू नको, लता. त्याचं पोरगं गेलंय."

आईचं नाव भागीबाई. तिला विजेतलं काही कळत नाही, पण माणसातलं सगळं कळतं.

सायली आधी हसायची. पुढे हसेनाशी झाली. रोशनीची वेणी घालताना तिची बोटं केसांत कमी आणि मानेवर जास्त फिरायची. गाठ तर नाही ना, हे बघायची. पोरीला साधा ताप आला तरी घरात कुणी जेवायचं नाही. पायावर निळा डाग दिसला की दोघं नवरा-बायको तिला उजेडात नेऊन उभी करायचे आणि विचारायचे, "पडली होतीस ना? आठव, कुठे पडलीस?" पोर बिचारी पडली नसली तरी पडले म्हणायला शिकली. अमितच्या पायावर असेच डाग पहिल्यांदा दिसले होते. ते मलाही आठवायचं, आणि मीही वाकून पोरीचे पाय बघायचे. खोटं कशाला बोलू?

यंदा शिमगा झाल्यावर जीवनने ऑनलाइन एक यंत्र मागवलं. टीव्हीच्या रिमोटएवढं. वर आकडा दिसतो, आणि तीन दिवे, हिरवा, पिवळा, लाल. विजेचं क्षेत्र किती आहे ते त्यावर कळतं म्हणे. तो ते घेऊन घरभर फिरला. देवघर आमच्याकडे नाही, नाहीतर देवालाही तपासलं असतं. सगळीकडे हिरवा, मधूनच पिवळा. आणि रोशनीच्या खोलीत, तिच्या उशाच्या भिंतीशी नेलं आणि ते टिकटिक करत लाल झालं.

मी तिथेच दारात उभी होते. जीवनचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्याने हात मागे घेतला, पुन्हा भिंतीशी नेला. पुन्हा लाल. सायलीने पलंगावरची रोशनी उचलली. एवढी तिसरीतली मुलगी, पण तान्ह्या बाळासारखी कडेवर घेतली आणि खोलीबाहेर गेली.

त्या दिवसापासून रोशनीचा पलंग घरभर फिरू लागला. आधी खोलीच्या मधोमध, मग बाहेरच्या खोलीत, शेवटी स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीशेजारी. मी म्हटलं, "अरे, टाकी चालते आणि भिंत चालत नाही?" तो म्हणाला, "टाकीपाशी हिरवा आहे." प्रयोगशाळेतून खडू आणून त्याने पोरीच्या खोलीत जमिनीवर रेघ मारली. रेघेच्या पलीकडे रोशनीने जायचं नाही. तिची वह्यापुस्तकं पलीकडे होती. ती रेघेशी उभी राहून आजीला हाक मारायची, "आजी, माझी कंपासपेटी दे ना." म्हातारी गेली तर चालत होतं.

त्या भिंतीत काय आहे ते आता सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. भिंतीत काहीच नव्हतं. भिंतीच्या बाहेरून अर्थिंगची हिरवी वायर खाली गेली होती. पडवीतल्या मेनस्विचपासून निघून, रोशनीच्या खिडकीखाली जमिनीत पुरलेल्या पत्र्यापर्यंत. वडिलांनी घर बांधलं तेव्हा मीठ आणि कोळसा घालून तो खड्डा भरला होता. तो ओला राहिला पाहिजे एवढं त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं. कशासाठी, ते आईने विचारलं नाही. वडील गेले तरी ती उन्हाळ्यात भांड्यांचं विसळलेलं पाणी रोज त्या खड्ड्यात ओतायची. कुणी झाडाला घालतं, ही खड्ड्याला घालायची.

जीवनने आमच्या कॉलनीतल्या वायरमनला, सावळीरामला बोलावलं. त्याने इथे टेस्टर लाव, तिथे टेस्टर लाव असं केलं, चहा घेतला आणि म्हणाला, "सगळं ओके हाय सर. नवा मीटर बसलाय ना, त्याच्यामुळं आसंल." हिवाळ्यात कॉलनीत सगळ्यांकडे नवे मीटर बसले होते. उन्हाळा लागल्यावर आमच्या घराचं बिलही फुगून आलं होतं. तेही नव्या मीटरच्या नावावर गेलं. गल्लीत दुसरा विषयच नव्हता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

पण जीवन रीडिंग घ्यायचं सोडेना. सकाळी कमी, दुपारी जास्त. उन्हाने वाढतं, असं त्याने ठरवलं. आणि मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं की आईने खड्ड्यात पाणी ओतलं की आकडा चढतो. त्याने तिला पुन्हा ओतायला लावलं. पुन्हा चढला. दोन-तीन दिवस ओतू दिलं नाही, तर खड्डा वाळला आणि आकडा उतरला. तो धावत माझ्याकडे आला. किती तरी दिवसांनी मी त्याचे डोळे चमकताना पाहिले.

"वायरच आहे ती, ताई. पुरावा मिळाला. पाण्याने जमिनीतून खेचून घेते आणि पोरीच्या उशाशी आणून सोडते."

त्याला अर्थिंग म्हणजे काय ते माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजच्या मुलांना तो शिकवायचा की बिघाड शोधायचा तर एकेक जोडणी काढून बघा. घरात त्याने एकेक बटण बंद करून आकडा पाहिला असता, तर संध्याकाळच्या आत सगळं उघड झालं असतं. पण शोधायला तो निघालाच नव्हता. उत्तर त्याच्याकडे मनमाडपासून तयार होतं. फक्त त्याला जागा हवी होती.

आईला पाणी ओतायची मनाई झाली. आणि एका रविवारी सकाळी जीवनने पक्कड घेतली, खिडकीखाली वाकला आणि ती हिरवी वायर कापून टाकली.

यंत्र भिंतीशी नेलं. हिरवा. इकडे नेलं, तिकडे नेलं, खाली, वर, सगळीकडे हिरवा. जीवन रोशनीच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसला आणि हुंदके देऊन रडला. सायली रडली. आईने दोघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. रोशनी पायाने खडूची रेघ पुसत होती आणि तिला कुणी रागावलं नाही. सायलीने आमरस केला. पलंग पुन्हा भिंतीला लागला. पोरगी आपल्या खोलीत, आपल्या उशीवर दुपारची घोरत पडली, आणि तिचा बाप दारात उभा राहून बघत होता. मीही बघत होते. मला वाटलं, चला, वेडेपणा असेल, पण संपला तर खरा.

आता कूलरचं. बाहेरच्या खोलीच्या खिडकीत लोखंडी पत्र्याचा जुना कूलर होता. उन्हाळा लागला की आईसाठी तो दिवसभर चाले. त्यात पाणी वर चढवणारा छोटा पंप असतो, तो पाण्यातच बुडालेला. वायर कापल्यानंतरच्या आठवड्यात आई मला म्हणाली, "लता, हा कूलर चावतो गं."

"चावतो म्हणजे?"

"हात लावला का मुंग्या येत्यात. लय नाय, जराश्या."

"जीवनला सांग," मी म्हटलं. तिने त्याच संध्याकाळी माझ्यासमोर सांगितलं. जीवनने लगेच यंत्र काढलं. आईच्या कुठल्याही तक्रारीला तो इतक्या झटकन उठलेला मी पाहिला नव्हता. कूलरच्या पत्र्यापाशी धरलं, मागे धरलं, जाळीपाशी धरलं. पंख्याच्या मोटारीपाशी जरा पिवळा झाला, बाकी हिरवा.

"काही नाही, आई," तो हसून म्हणाला. "हिरवा आहे बघ. तुझ्या हातातच वाताच्या मुंग्या असतील."

आईने हात पुसले आणि बरं म्हणाली. तिच्या टाचा दुखतात म्हणून ती घरातही रबरी चपला घालते. तेवढ्यावर ती वाचत होती.

पुढची गोष्ट भर दुपारची आहे. जीवन कॉलेजात होता, परीक्षेचे दिवस होते. सायली बाजारात गेली होती. मी पडवीत बसून परातीतल्या कुरडया सुट्या करत होते. आई आत खुर्चीत पेंगत होती. रोशनीला सुट्टी लागली होती आणि कूलरमध्ये नळीने पाणी भरणं हे तिचं आवडतं काम होतं. पाणी कमी भरायची आणि फरशीवर जास्त. मी बाहेरून ओरडले, "रोशने, घर बुडवतेस काय?"

उत्तर आलं नाही. एरवी ती "नाही आत्या" म्हणून उलट जास्तच उडवते. मला वाटलं, काहीतरी उद्योग चाललाय. मी मान वळवून दारातून बघितलं.

ती कूलरची जाळी धरून उभी होती. अनवाणी, पाण्यात. नळी खाली पडून वाहत होती. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती. तोंड उघडं होतं, त्यातून आवाज येत नव्हता. हात धरलेला, मान ताठ, आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं. ती शांतता मला अजून ऐकू येते. ओरडली असती तर बरं, असं अजून वाटतं.

आई खुर्चीतून उठली होती आणि तिच्याकडे हात पुढे करून निघाली होती.

"आई, हात लावू नको तिला," मी एवढंच म्हणाले आणि उठले. परात पडली. मेनस्विच पडवीतच होता, माझ्या पाठीमागे. तो खाली ओढायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं तो खाली यायलाच तयार नव्हता. मग पंखा मंदावल्याचा आवाज आला आणि रोशनी पाण्यात कोसळली.

मी तिला उचललं. ती निळी दिसत होती. मी तिच्या छातीला कान लावला, पण मला माझ्याच छातीचे ठोके ऐकू येत होते. आई म्हणत होती, "पोरी, श्वास घे. पोरी, श्वास घे." मी तिच्या गालावर मारलं, जोरात, जन्मभर मुलांना मारलं तसं. मग तिने घशातून एक खर्रकन आवाज काढला आणि श्वास घेतला. शेजाऱ्यांनी, ज्यांच्याशी जीवन भांडला होता त्यांनीच, रिक्षा आणली.

दवाखान्यात गेल्यावर रोशनी बोलू लागली. तळहात भाजला होता, जाळीच्या आडव्या रेघा त्यावर उमटल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके जरा चुकत आहेत, आम्हाला लक्ष ठेवावं लागेल. तिच्या छातीला वायरी चिकटवल्या आणि उशाशी एक मशीन लावलं. सायली आली. ती पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि पोरीचे पाय घट्ट धरून ठेवले. जीवन आला तो घामाने निथळत. रोशनी त्याला म्हणाली, "पप्पा, कूलरने मला सोडलंच नाही." 

संध्याकाळी आईला घरी सोडायला मी आणि जीवन आलो, तेव्हा सावळीराम येऊन थांबला होता. गल्लीत बातमी पोचली होती. त्याने कूलर उघडला, पंप बाहेर काढला आणि आम्हाला दाखवला. आतली वायर उघडी पडून पाण्यात गेली होती.

"हा आत्ताचा बिघाड नाय, बाई," तो मला म्हणाला. "उन्हाळा लागल्यापासून गळत आसंल. बिल उगंच नाय आलं तेवढं."

"मग इतके दिवस काही झालं कसं नाही?" मी विचारलं.

"अर्थिंगनं निभावलं ना. गळती व्हती ती सगळी वायरीवाटं जमिनीत जात व्हती. खड्डा ओला आसला का आजून बरं जाती." तो बोलता बोलता बाहेर गेला, खिडकीखाली वाकला आणि तिथेच थांबला. "बाई, ही तुटलेली नाय. कापलीय कोणीतरी."

आई दारात उभी होती. मी जीवनकडे बघितलं नाही. बघवलंच नसतं.

"मी कापली," जीवन म्हणाला.

 सावळीरामही सगळं ओके म्हणून चहा पिऊन गेलेला माणूस. त्याने पिशवीतून वायरचा तुकडा काढला आणि जोड द्यायला बसला. आई आत गेली, तांब्या भरून आणला आणि त्याच्या बाजूने वाकून त्या वाळलेल्या खड्ड्यात ओतला. जीवनने तिला अडवलं नाही.

राग आला होता का, विचाराल तर, आला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी चूक बाहेर कुणाची झाली तर माणूस हसतो. इथे तर बंबच फोडून टाकला होता. दवाखान्यात परत जाताना रिक्षात मी त्याला काय काय सुनवणार होते. शिकलेला, प्रयोगशाळेतला, पुराव्याचा पोपट, सगळं जिभेवर होतं. पण रिक्षा बिटको चौकातल्या सिग्नलला थांबली आणि तोच आधी बोलला.

"काट्याने खरं सांगितलं होतं, ताई. आकडा बरोबर होता. घरात बिघाड आहे, पोरीच्या जवळ आहे, हेच तो रोज सांगत होता. मी वाचलं चुकीचं."

"हो," मी म्हटलं.

"आईला मुंग्या आल्या, तर मी तिला हिरवा दाखवला. जमिनीत जायची वाट मीच कापल्यावर वीज वाहणार कुठून, आणि काट्याला दिसणार काय?"

"हो."

सिग्नल सुटला. दवाखान्यात पोचलो. वरच्या मजल्यावर रोशनीच्या खोलीबाहेर बाकडं होतं, तिथे आम्ही बसलो. दाराच्या काचेतून मशीनवरची हिरवी रेघ दिसत होती. ठोके आता नीट पडताहेत, असं नर्स सांगून गेली. उद्या-परवा घरी सोडतील म्हणाली. मला हायसं वाटलं. मला वाटलं, त्यालाही वाटेल. त्याच्याकडे बघितलं तर तो यंत्र पहिल्यांदा लाल झालं त्या दिवशी दिसला होता तसा दिसत होता. त्याहून वाईट.

"ताई, मी इतकं साधं चुकीचं वाचलं. मग मनमाडचं?"

"मनमाडचं काय?"

"तिथे तर माझ्याकडे यंत्रही नव्हतं. नुसती भिंत होती. त्या भिंतीत काहीच नसेल, तर अमित कशाने गेला?"

मी कपाळावर हात मारून घेणार होते, की अरे आता तरी सोड. पण त्याचं बोलणं माझ्या आत पोचायला वेळ लागला, आणि पोचलं तेव्हा कपाळाकडे निघालेला हात तिथेच राहिला. इतकी वर्षं मी त्याच्या भीतीला हसले, कारण ती भिंतीला चिकटलेली होती. भिंतीपासून माणूस लांब जाऊ शकतो. चार्जर काढू शकतो, रेघ मारू शकतो. आता ती भिंतच गेली होती. जे अमितला घेऊन गेलं ते कुठून आलं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरबाईंनी तर पहिल्या दिवसापासून हेच सांगितलं होतं. आत झोपलेल्या पोरीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे ते येणार नाही? मी म्हातारी बाई, पुंजा पगारेंची लेक, कशालाच न भिणारी, आणि मला त्या बाकड्यावरून उठून आत जायची भीती वाटली.

आतून रोशनीने हाक मारली, "पप्पा." जीवन उठला. दार ढकलून उंबऱ्याशी थांबला. तिच्या उशाशी मशीन होतं, भिंतीत प्लगांची रांग होती, छातीवरून वायरी खाली आल्या होत्या. त्याने नेहमीच्या सवयीने पलंगाच्या दांडीला हात लावला, ओढायला. मग ओढता ओढता थांबला आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"कुठे सरकवू, ताई?" त्याने विचारलं.